पिशवी काढायची

“मंगळवारी पिशवी काढायची, पक्कं,” सून गॅलरीत फोनवर कुजबुजली. “मोठी आहे गं. घाबरतेस काय, मॅडम आहेत ना. नाही, घरी नाही सांगितलं. आईंना कळलं तर घर डोक्यावर घेतील.”

दाराआड सासूच्या हातातला टॉवेल अर्ध्या घडीतच राहिला.

सासू संशयी नव्हती.

खोटं. होती. दूधवाल्याच्या मापावर, शेजारणीच्या गोड बोलण्यावर, घड्याळावरसुद्धा तिचा संशय होता. पण तो तोंडी लावण्यापुरता. हा पोटातून वर आला. पिशवी काढणं म्हणजे तिच्या वयाच्या बायकांत एकच: ऑपरेशन. भूल, टाके, आणि पुढे मूल नाही ते नाहीच. सुनेला तर अजून एकही नव्हतं.

विचारायचं? विचारलं की उत्तर तयार मिळतं. तिने पाळत ठेवली.

सुनेने एक जुना, सैल गाऊन बाजूला काढला.

“हा कशाला गं?”

“असाच. खराब झाला तरी चालेल असा.”

खराब कशाने?

मोरीतल्या बादलीत रुमाल भिजत होता. लाल डाग. सासूने चोळून पाहिला. जाईना. (रक्त वाळलं की तपकिरी पडतं, हे तिला ठाऊक होतं. पण भीती बसली की ठाऊक असलेलंच आधी पळून जातं.)

मग मुलगा. याने तर भरीस घातलं नसेल? बाजाराच्या तोंडाशी त्यांचं प्लास्टिकच्या पिशव्यांचं घाऊक दुकान. मुलगा गठ्ठे लावत होता. तिने थेट विचारलं, “पिशवी काढायचं तुझ्या डोक्यातून निघालं का?”

“कुठली, मोठी? वरच्या फळीवर आहे. देऊ काढून?”

त्याच्या चेहऱ्यावर काही म्हणता काही नव्हतं. इतका कोरा चेहरा कुणाचाच नसतो. सासूचा संशय दुप्पट झाला.

मंगळवारी सून “मैत्रिणीकडे जाऊन येते” म्हणाली. सासू मागोमाग. हॉस्पिटलचं वळण आलं. सून सरळ पुढे गेली. म्हणजे हॉस्पिटलातसुद्धा नाही. कुठेतरी चोरून.

बाजारामागचा एक हॉल. सून आत शिरली, दार लोटलं. सासूने कान लावला.

“घट्ट धरा. हलू देऊ नका.”

“आधी कडेने घ्या, मग मधे.”

“लाल खूप वाहतंय, मॅडम.”

सासूने दार ढकललं. “थांबा. हात लावू नका तिला. सही कुणी केली?”

हॉलभर पांढरं कापड पसरलेलं. कडांना विटा. त्यावर एकच भलीमोठी पिशवी रेखलेली, आणि बायका ओणव्या होऊन आपापला तुकडा भरत होत्या. कुणी पडद्यावरची फुलं, कुणी नवऱ्याच्या शर्टाच्या चौकटी. मधोमध गाऊन घातलेली सून, कोपरापर्यंत लाल.

“सही अजून कुणीच नाही केली, काकू,” चित्रकार मॅडम म्हणाल्या. “झालं की सगळ्या मिळून करणार.”

सून उठून उभी राहिली. “हे बाजाराच्या दारावर लावायचंय, आई. लोकांनी रोज बघावं म्हणून. नंतर कापून याच्याच पिशव्या शिवायच्या आणि वाटायच्या. प्लास्टिक नको म्हणून.” तिने मान खाली घातली. “आपल्या दुकानासमोरच येईल. म्हणून नाही बोलले.”

सासूने राग शोधला. सापडला नाही. ती जवळच्या स्टुलावर टेकली.

“काढायची म्हणजे... ही?”

“मग आणखी कुठली?”

आणि मग सुनेला उमगलं. तिचा हात आपसूक पोटावर गेला. “अगंबाई. आई, तुम्हाला वाटलं मी...”

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळा हॉल.

“दुकानदारीण घाबरली ती पिशवीला,” एक म्हणाली. “पण गिऱ्हाईक पळेल म्हणून नव्हे हो.”

सासू हसली नाही. सुनेच्या गाऊनवर लाल पंजा उमटला होता. ती तिकडेच पाहत राहिली. बघता बघता हॉलमधलं हसू ओसरलं.

मॅडम पुढे आल्या. कुंचला दोन्ही हातांनी धरून, जरा वाकून. “एक कोपरा कोरा आहे, काकू. तुम्ही काढाल? मनात नसेल तर राहू द्या. तुम्ही म्हणाल तसं.”

सासूने कुंचला घेतला.

“विचारलंत, बरं केलंत,” ती म्हणाली. “माझी काढली ते मला शुद्धीवर आल्यावर कळलं.”