पाठ झालेले रस्ते

"टिकल्याला अख्खा रेवदंडा दाखवून आण," सुट्टीत आत्याकडे आल्यापासून बाबा रोज म्हणायचे. मी काय, एका पायावर तयार. किल्ल्याचा पडका दरवाजा, समुद्रावर रोखलेली गंजकी तोफ, टिकल्याने सगळं हुंगलं आणि मी त्याला गाईडच्या थाटात इतिहास सांगितला.

शेवटच्या संध्याकाळी मासळीबाजारात आत्या आणि बाबा भेटले.

"रस्ते पाठ झाले ना गं त्याला?" आत्याने विचारलं. "मग राहील माझ्याकडे. तुमच्या नव्या फ्लॅटमध्ये कुत्रं चालत नाही म्हणे."

मी बाबांकडे पाहिलं. ते पिशवीतले बांगडे निरखू लागले.

पट्टा घट्ट धरून मी एसटी स्टँडकडे वळले. टिकल्या हलेना. मीच दाखवलेल्या वाटेने, शेपटी हलवत, तो मला आत्याच्या घराकडे ओढू लागला.