दुमडलेले कोपरे

"सर, या उत्तराला किती द्याल?" तेजलने हातातला कागद हरिचंद्र सरांपुढे ठेवला.

गंजायला खिळ्याला हवा आणि पाणी दोन्ही लागतात, असं त्या चार ओळींत लिहिलं होतं. उकळलेल्या पाण्यावर तेलाचा थर दिला तर खिळा का गंजत नाही, तेही होतं.

"तीनपैकी तीन," सर म्हणाले. "तुमच्या वर्गातलं दिसतंय. डोकं आहे पोराला."

बदलापूरच्या त्या शाळेत नववी 'अ'ला विज्ञान तेजल शिकवायची, 'ब'ला सर. एकाने नापास केलेला पेपर दुसऱ्याने पुन्हा बघायचा, अशी पद्धत होती. बहुतेक वेळा नुसती सही व्हायची.

तेजलने त्या कागदाशेजारी 'ब'मधल्या अल्पेशचा पेपर ठेवला. वाकडीतिकडी अक्षरं, खाडाखोड. त्याच चार ओळी. समासात सरांच्या लाल शाईत एक गुण. एकूण तेहेतीस.

"मी फक्त माझ्या अक्षरात उतरवलं, सर. शब्द त्याचेच आहेत."

सरांनी दोन्ही कागद जवळ ओढले. "याचं वाचायला जीव जातो हो," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "वाटलं, याला काय येणार."

नववीत नापास म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म आणि बाहेरून दहावी. मागच्या वर्षीची मुलं परीक्षेला बसलीच नाहीत, सरळ एमआयडीसीत कामाला लागली. दोघांनाही ते ठाऊक होतं.

सरांनी एकचे तीन केले. पस्तीस. खाली सही केली.

मग त्यांनी तेजलचा गठ्ठा ओढला. तपासताना नाव दिसू नये म्हणून तिच्या प्रत्येक पेपरचा नावाचा कोपरा दुमडून पिन मारलेला असायचा. पेपरांना घुंगट कशाला, मॅडम, असं स्टाफरूममध्ये सगळे चिडवायचे.

सरांनी मधलाच एक पेपर काढून तिच्यापुढे धरला. "हा कोणाचा?"

पिन जागेवर होती. गोल, ठसठशीत अक्षर. प्रत्येक उत्तराखाली पट्टीने मारलेली रेघ. आकृतीतल्या भागांना मात्र नावंच दिलेली नव्हती. शेजारी तेजलच्या हाताने लिहिलेले तीनपैकी तीन.

अक्षरावरूनच नाव तिच्या ओठांवर आलं होतं.

"सांगू नका," सर म्हणाले. त्यांनी पेपर आपल्याकडे वळवला आणि लाल पेनाचं टोपण काढलं.