गिऱ्हाइकाला विचारायचा प्रश्न

डोळ्यांच्या डॉक्टरांनी गोळ्यांची कापलेली पट्टी उलटसुलट पाहिली. “या झोपेच्या गोळीनंच डोळ्यातला दाब चढला. उजवा गेला, डावा वाचवू. घरात कुणाला काचबिंदू?” “आईला होता,” ती म्हणाली. शेजारी बसलेला नवरा चपापला. सासू आंधळी होती एवढंच त्याला ठाऊक. कशानं, ते त्यानं कधी विचारलं नव्हतं. स्वतःच्या औषधाच्या दुकानात मात्र तीस वर्षं झोपेची गोळी मागणाऱ्या प्रत्येकाला तो डॉक्टरांचा हाच प्रश्न विचारायचा. गिऱ्हाइकं त्याला देवमाणूस म्हणायची. घरी तिच्या कूस बदलण्यानं झोपमोड होऊ लागली, तेव्हा “घे आणि गप पड,” म्हणत त्यानंच ही पट्टी तिच्या शिलाई मशीनवर टाकली होती. डॉक्टर भडकले, “देताना दुकानदारानं काहीच विचारलं नाही?” “विचारतात हो, प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतात,” ती म्हणाली. “मी पडले यांची बायको.”