दाटीची बटणं

दीक्षा लहान असताना कडबाकुट्टीच्या यंत्रात तिच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धी तुटली होती. आता तिला कॉलेजसाठी लॅपटॉप हवा होता, म्हणून तिचा बाप अमरदीप तिला घेऊन तामलवाडीहून तुळजापूरला आला.

दुकानदारानं दोन लॅपटॉप पुढं ठेवले. "हा बारका हाय, बसमधी न्यायला हलका. पण बटणं दाटीची हायेत. हा दुसरा जड, पण बटणं ऐसपैस. ताई, दोन्हींवर टाईप करून बघा."

दीक्षा ओढणीखाली झाकलेला हात पुढं करणार, तेवढ्यात अमरदीपचं लक्ष शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांकडं गेलं.

"त्यात बघायचं काय?" तो घाईनं म्हणाला. "बारकाच बांधा."

घरी आल्यावर दीक्षा टाईप करायला बसली. अर्ध्या बोटांखाली एकाच वेळी दोन-दोन बटणं दाबली जात होती. ती खोडत होती आणि तोच शब्द पुन्हा लिहीत होती. अमरदीपला ते बघवेना. तो तिच्याजवळ येऊन बसला.

"चुकलं माझं. चारचौघांत तुला लाज वाटंल, म्हणून म्या घाई केली."

"मला कशाची लाज, पप्पा?" ती शांतपणे म्हणाली. "कॉलेजातल्या कॉम्प्युटरवर मी सगळ्यांसमोरच टाईप करते. हात झाकून ठेवते ते फक्त तुम्ही संगं असलात की."