खिशातला लायटर

माझं ब्लडप्रेशर तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी लेकीला गर्भनिरोधक गोळ्या लिहून देताना विचारलं होतं, “सिगारेट ओढत नाहीस ना? पस्तिशीनंतर या गोळ्यांबरोबर सिगारेट म्हणजे रक्तात गुठळी व्हायची भीती.” “छे, बाबा घरात घेतील का मला?” सदतीस वर्षांची लेक हसली. मी वर्तमानपत्रात तोंड खुपसलं. तिच्या कपड्यांतला वास मला कॉलेजपासून ठाऊक होता. पण परक्यासमोर पोरीला कशाला मान खाली घालायला लावायची? आज तिच्या पोटरीतली गुठळी फुप्फुसात पोचली. हॉस्पिटलात नर्सनं तिच्या खिशातला लायटर माझ्या हातावर ठेवला. “काका, हा तुमचा ना? की ताई ओढतात? डॉक्टरांना सांगायचंय.” ऑक्सिजनच्या मास्कवरून लेकीचे डोळे माझ्यावर खिळले. ‘माझाच’ ओठांवर आलं होतं. “तिचा,” मी म्हणालो. “वीस वर्षं ओढतेय.” “माहीत होतं, बाबा?” तिनं विचारलं. लायटर तिच्या अंगाच्या उबेनं अजून कोमट होता.