कावळ्यापुढं दिलेला शब्द

या, अशा जवळ सरकून बसा. टाळ घटकाभर खाली ठेवा. आज निरूपण नाही. आज एका बाईची आणि तिच्या कुत्र्याची गोष्ट सांगतो. शेवटपर्यंत कुणी उठू नका, एवढंच मागणं.

गाडी सुटायची वेळ झाली तरी कडूबाई पायरीवरून हलायला तयार नव्हती. काखेत वळकटी, हातात दोरी, दोरीच्या टोकाला भुऱ्या.

"माणसं समुद्रस्नानाला निघालीत बाई," आबासाहेब म्हणाले. "कुत्र्याला समुद्र कशाला?"

"तुमाला कशाला लागतोय?"

गाडीतली माणसं हसली. आबासाहेब भजनी मंडळाचे प्रमुख, गावातला शेवटचा शब्द त्यांचा. गंगाखेडकडच्या त्या गावातून थेट हरिहरेश्वरापर्यंतची गाडी त्यांनीच ठरवली होती.

"देवाच्या वाटंला कुत्र्याचा विटाळ नको," चतुराबाई खिडकीतून म्हणाली.

"दत्ताच्या पायाशी चार बसलेत. आदी ते हाकलून ये, मग मी ह्याला उतरवते."

"कडूबाई, न्हाई म्हणजे न्हाई," आबासाहेबांचा आवाज चढला.

"मग मीबी न्हाई. पर शब्द मोडल्याचं पाप तुमच्या माथी."

"कसला शब्द?"

कडूबाईनं दोरी मनगटाला गुंडाळली. "ज्या माणसाचं हे कुत्रं, त्या माणसाच्या पिंडाला कावळा शिवंना. उन्हं कलली तरी शिवंना. नदीकाठाला मी एकली. लय कायकाय कबूल केलं. मग ध्यानात आलं. सप्त्यात बुवांनी समुद्र सांगितला, तवापासून त्या माणसाच्या डोक्यातनं समुद्र गेलाच नव्हता. बसणं मांडवाच्या भाईर, पर ध्यान समद्यांपेक्षा जास्त. म्हणलं, समुद्र ऱ्हायला असंल तर ह्या कुत्र्याला दाखवीन. तवा कुठं कावळा उतरला."

कावळ्यापुढं दिलेल्या शब्दाच्या आड यायची छाती कुणाचीच नव्हती.

नाव कुणी विचारलं नाही. बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, आणि शहाण्यानं ते विचारायचंही नसतं. कडूबाईचे मालक दिनकरराव दोन वर्षांमागच्या पावसाळ्यात परभणीच्या दवाखान्यात वारले. तेव्हा रस्ते बंद होते. दहाव्याला गावातलं कुणी पोचलं नव्हतं. तंबाखूपायी ते मांडवाबाहेर बसत, हे सगळ्यांना ठाऊक. आणि हे कुत्रं त्याच पावसाळ्यात कडूबाईच्या ओट्यावर दिसायला लागलं होतं. दिनकररावांनी शेतात पाळलं असणार.

आबासाहेबांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "दिनकर माझ्या जोडीचा," ते हळूच म्हणाले. "बसवा त्याला. पुढच्या बाकावर."

गाव सोडताना ओढ्यापलीकडची वस्ती लागली. तिथं आता नुसत्या काळ्या भिंती उरल्या होत्या. भुऱ्या बाकाखाली शिरून कण्हायला लागला. आबासाहेबांनी टाळ उचलले आणि खड्या आवाजात भजन धरलं. सगळ्यांनी साथ दिली.

"कुत्रंबी सुरात हाय गं," चतुराबाई म्हणाली.

"तुज्या मालकापेक्षा बरंच म्हणायचं."

वाटेत चहाला थांबले. आबासाहेबांनी बिडीसाठी काडी ओढली, तसा भुऱ्या कडूबाईच्या लुगड्याआड थरथरत दडला. त्याचा डावा कान अर्धाच होता, कडेनं चुरगळलेला.

"काडीला भितंय व्हय?" आबासाहेब हसले. "चुलीत तोंड घातलं असंल लेकानं."

कडूबाई तो अर्धा कान कुरवाळत राहिली.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर समुद्र दिसला. एवढं पाणी एका जागी कुणी पाहिलंच नव्हतं. येलदरीचं धरण भरलेलं पाहिलेली माणसंही तोंड उघडं टाकून उभी राहिली. कडूबाईनं भुऱ्याची दोरी सोडली.

आधी तो फेसावर भुंकला. लाट परत फिरली, तशी आपणच तिला पळवली असं वाटून मागं धावला. दुसरी लाट आली आणि त्याच्या डोक्यावरून गेली. तो शिंकला, अंग झाडलं, खारं पाणी चाटून तोंड वाकडं केलं आणि पुन्हा आत घुसला. ओल्या वाळूत गोल गोल पळाला. चतुराबाईची चप्पल पळवली. ती आधी ओरडली, मग मटकन खाली बसून हसत सुटली, आणि आपल्या दशमीतला अर्धा तुकडा तिनं त्याला स्वतःच्या हातानं घातला.

कडूबाई गुडघाभर पाण्यात उभी होती. तिच्या गालावर लाटेचं पाणी होतं की डोळ्यांतलं, ते पांडुरंगालाच ठाऊक.

आबासाहेबांचाही जीव भरून आला. "मंडळाच्या वतीनं पाणी मी सोडणार," ते म्हणाले. "आत्मा मोकळा झाला पाहिजे." कमरेइतक्या पाण्यात जाऊन त्यांनी ओंजळ भरली. मंडळी हात जोडून मागं उभी राहिली.

"कडूबाई, आज मात्र नाव घ्यावं लागतंय. नावाबिगर पाणी पोचत न्हाई."

"उखाण्यात घे गं!" चतुराबाई म्हणाली. बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

"लाजू नका," आबासाहेब म्हणाले. "मोठ्यानं घ्या. समद्यांना ऐकू जाऊ द्या."

कडूबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. भुऱ्या येऊन तिच्या पायाशी उभा राहिला.

"आश्रुबा," ती म्हणाली. "ओढ्यापलीकडचा. नामांतराच्या दंगलीत तुमी ज्याच्या घराला भाईरनं कडी घातली, त्यो. सोडा पाणी, आबासाहेब."

मायबापहो, त्या आश्रुबाची आठवण असू द्या.