एकीपुरती लस

मोसंबीची पिशवी घेऊन विभाताई सरकारी दवाखान्यात खाटेपाशी पोचल्या. त्यांच्याकडे पोळ्या करणाऱ्या गिरजाची नऊ वर्षांची लेक टायफॉइडच्या तापाने फणफणली होती. गिरजा तिचं कपाळ चेपत बसली होती.

विभाताईंना पोरीकडे बघवेना. आपल्या घरच्यांना बाधू नये म्हणून उन्हाळ्यात त्यांनीच गिरजाला टायफॉइडची लस टोचून आणली होती. "पोरीलापण देऊ या का, ताई?" तिने तेव्हा दबकत विचारलं होतं. "अगं, आमच्या पोळ्या तू करतेस, ती नाही," त्या हसून म्हणाल्या होत्या.

गिरजाने मान वर करून त्यांना पाहिलं. लेकीच्या कपाळावरचा हात काढून तिने घाईघाईने पदराला पुसला.

"घाबरू नका ताई, मला लस दिलीय ना तुम्ही. उद्या येते पोळ्यांना."